नारिंगी फ्रॉक

माझी आई कापड रंगवायच्या कारखान्यात शेड जुळवायची. गिऱ्हाइकाचा नमुना आणि रंगून आलेलं कापड शेजारी ठेवायचं आणि पास की नापास ते सांगायचं. मधलं एक वर्ष सोडलं, तर सव्वीस वर्षं तिने डोळ्यांत तेल घालून तेवढंच केलं. शेड बघायच्या खोलीत भिंती राखाडी, टेबल राखाडी आणि माणसांचे कपडेही राखाडीच लागत, कारण अंगावरचा रंग कापडावर पडला की डोळा फसतो.

मी सात वर्षांची असताना तिचा विसरलेला डबा घेऊन तिथे गेले. अंगात नवाकोरा नारिंगी फ्रॉक. लाडात येऊन तिला टेकून उभी राहिले. नेमका त्या वेळी तिने पास केलेला लॉट पुढे गिऱ्हाइकाने रंग जुळत नाही म्हणून परत पाठवला. साहेबाने तिला सगळ्यांसमोर झापलं आणि वर्षभर गोदामात गठ्ठे बांधायला लावलं. घरी येऊन तिने माझ्या फ्रॉकची फरशी पुसायची फडकी केली. पुन्हा मला रंगीत काही आणलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि वांगं मी होते.

परवा संग्रहालयात आफ्रिकेतल्या चित्रांचं प्रदर्शन होतं. मी तिला मुद्दाम नेलं, कारण त्यातलं एक चित्र मी आधी पाहून आले होते. भरलेला बाजार, पिवळ्याजर्द, गर्द निळ्या कपड्यांतल्या बायका, आणि मधोमध आईला रेललेली नारिंगी झग्यातली पोर. त्या फ्रॉकबद्दल तिच्या तोंडून एकदा तरी शब्द निघावा, एवढंच मला हवं होतं.

आई चित्राच्या इतकी जवळ गेली की पहारेकरी म्हणाला, "बाई, लांबून बघा." तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"पोरीचा नारिंगी आईच्या हनुवटीवर पडलाय," ती म्हणाली. "बरोबर काढलंय. असाच पडतो."

"मग?"

"मग काय? ह्या आईला कुणी गोदामात नाही धाडलं."

मला वाटलं, आता बोलेल. ती वळली आणि सवयीने माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरलं.

"हा कसला मेला राखाडी? तुला लहानपणापासून रंगाची आवडच नाही."

गोदाम तिला आठवत होतं, फ्रॉक नव्हता आठवत. मला इतका राग आला की बाही हिसकून घेताना शिवण उसवली.

परतताना मी उसवलेली बाही मुठीत धरून चालत होते. मग तीच म्हणाली, "घरी चल, शिवून देते. राखाडी दोरा माझ्याकडे पुष्कळ आहे."