करपलेले शेंडे

माझी धाकटी बहीण पुण्याला वनस्पतींच्या मूळपेशींवर संशोधन करते. बारावीनंतर अवसरीच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला सहज नंबर लागत असताना तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त मीच चिडलो होतो. "झाडं रोज रानात बघतोय, त्याला कॉलेज कशाला पायजे?" असं तिच्या तोंडावर म्हणालो होतो.

दोन वर्षांपूर्वी गावी, डिंगोऱ्यात, आमच्या टोमॅटोचे शेंडे करपायला लागले. कोवळी पानं पिवळी पडायची, हात लावला की कट्‌कन मोडायची. व्हायरस समजून मी दोनदा औषध फवारलं. काही फरक नाही. प्लॉट उपटायचा ठरवला, तोच ती सुट्टीला आली.

बांधावर बसून तिनं ब्लेडनं एक शेंडा उभा चिरला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"दादा, मधला काळा ठिपका बघ. इथं मूळपेशी असत्यात. नवं पान, नवं फूल, सगळं इथनंच निघतं. त्या मेल्यात."

"कशानं?"

"उपासानं. मला वाटतं, बोरॉन कमी पडलंय. जुन्या पानातलं बोरॉन टोमॅटोला शेंड्याला नेता येत नाय, म्हणून कोवळं आधी मरतं. पण उपटू नको. खाली बेचक्यात बघ, तिथल्या पेशी जाग्या झाल्यात."

बेचक्यांत खरंच बारीक हिरवे कोंभ होते. तिनं पानं तपासायला पाठवली. बोरॉनच कमी निघालं. तिनं सांगितलेल्या मापानं फवारणी केली, चिमूटभरही जास्त नाही. पंधरवड्यात बेचक्यांतल्या बगलफुटी जोमानं वर आल्या. माल उशिरा निघाला, पण निघाला.

मग गावकऱ्यांनी तिला शाळेच्या व्हरांड्यात बोलायला लावलं. आमच्या चुलत्यांनी विचारलं, "मूळपेशी म्हंजी मुळीतल्या ना गं? मग शेंड्यात कशा गेल्या?"

सगळे हसले. ती हसली नाही.

"तात्या, मूळ म्हंजी सुरुवात. मुळीच्या टोकाला बी त्या असत्यात. काही झाडांना मातीतलं स्फुरद, म्हंजी फॉस्फरस, कमी पडलं, की मधल्या मुळीच्या टोकातल्या पेशींचं काम थांबतं. मग झाड बाजूच्या मुळ्या वाढवतं, वरच्या मातीत शोधायला. मी त्याच्यावरच काम करते."

"लई शहाणं असतंय की झाड!" तात्या म्हणाले.

माझ्या शेजारी परगावचे एक पावणे बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "कोण हो ह्या बाई?"

"माझी बहीण," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असणार, कारण पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं.