लेकाच्या वाट्याचा मध

लोणावळा स्टेशनावर मध विकणाऱ्या एका मावशीला मी रोज थापा लावायचो. "विलायतेत मधाची दारू पिऊन घोडेसुद्धा लावणी गातात! तुर्कस्तानात मधातली एक करंजी उचलायला चार पैलवान लागतात!"

"आन् चंद्रावर काय खात्यात, भाऊ?" ती खो खो हसायची.

कमरेला बांधलेली एक बुधली मात्र ती कुणाला विकत नसे. सरकारच्या लढाईवर दूर बसऱ्याला गेलेल्या लेकाचा तो वाटा होता.

एकदा हसता हसता थांबून तिनं विचारलं, "बसऱ्याला भाकरीसंगं मध मिळतो का वो?"

"मिळतो, मावशी. थोडा."

जन्मात एवढी लहान थाप मी मारली नव्हती. तेवढीच तिनं खरी मानली.

लढाई संपली, लेक आला नाही. बुधली कमरेलाच राहिली.

"मध नासत न्हाई, भाऊ," ती म्हणायची.