मिशीवाल्या जर्मनाचा पेपर

एम.ए.ला बाहेरून बसलेल्या तीन मास्तरांनी एका जर्मन तत्त्वज्ञाचा अभ्यास करायचं ठरवलं, की नोट्स कमी आणि किस्से जास्त जमतात. आमच्या नोट्स कधीच रद्दीत गेल्या. किस्से तेवढे उरलेत, आणि खरं सांगतो, त्यातलं निम्मं मला अजून कळलेलं नाही.

मी खुटबावचा, जगदाळे वरवंडचा आणि पोपट केंदूरचा. पोपट वरवंडच्याच एका ज्युनियर कॉलेजात हंगामी शिकवायचा. एम.ए. झाला तर कायम, नाहीतर घरी! त्यामुळे आम्ही दोघं हौसेनं वाचायचो आणि तो धास्तीनं. जर्मनाची मिशी एवढी दांडगी, की फोटोत तोंडच दिसायचं नाही. आम्ही त्यांना आपलं ‘मिशीवाले’ म्हणायचो.

*

तो फोटो जगदाळेनं आमच्या अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर चिकटवला होता. एका दसऱ्याला शेजारच्या काकूंनी त्याला झेंडूचा हार घातला.

“अहो काकू, हा माणूस देव मानत नव्हता!”

“आमचं ह्ये तरी कुठं मानत्यात? सणाला पुरणपोळी खात्यातच की!”

हार चार दिवस तसाच राहिला. काढायचं धाडस कुणालाच झालं नाही.

*

जगदाळेचे चुलते आप्पा हे दूध सोसायटीचे चेअरमन. पुतण्या नेमकं काय वाचतो हे बघायला एकदा ते खोलीवर आले.

“काय म्हंतोय ह्यो जर्मन?”

जगदाळे चाचरला. “आप्पा, तो म्हणतो... देव मेला.”

आप्पा दचकले. “कवा?”

“झाली की शंभरेक वर्षं.”

“मंग सुतक फिटलं आसंल,” म्हणत त्यांनी चहा ओढला.

जगदाळेला चेव आला. “त्याचा एक अतिमानव असतो, आप्पा. तो कुणाचं ऐकत नाही. चांगलं काय, वाईट काय, सगळं स्वतःच ठरवतो.”

“त्यात नवीन काय? म्या इतकी वर्सं चेअरमन हाय!”

अतिमानवावर इतकं सोपं उदाहरण आम्हाला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

*

दौंडला तत्त्वज्ञानाचे एक रिटायर्ड सर राहायचे. एका रविवारी दुपारी आम्ही तिघं एकाच मोटरसायकलवर त्यांच्याकडे गेलो. पोपटनं विचारलं, “सर, ही संकल्पशक्ती म्हणजे नक्की काय?”

सरांनी डोळे मिटले. आम्ही पेनं काढली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी आतून त्यांच्या मिसेस आल्या. “जेवणानंतर ते असेच बसल्या बसल्या झोपतात. सकाळी या.”

बाहेर आल्यावर मी जगदाळेची वही बघितली. त्यानं लिहिलं होतं, ‘उत्तर – मौन.’ खाली दोन रेघा मारलेल्या!

*

मग परीक्षा. आमच्या झेरॉक्स नोट्समध्ये चौदावं पान नव्हतंच. तेरावं पान अर्ध्या वाक्यात संपायचं आणि पंधरावं दुसऱ्याच वाक्याच्या मध्यात सुरू व्हायचं. मी आणि जगदाळेनं दोन्ही तुकडे जोडून पाठ केले आणि पेपरात तसेच ठोकले. दोघंही पास!

पोपटनं मात्र दोन पानं लिहिली आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, ‘यापुढचं मला स्वतःला कळलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.’ नापास. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्यालाही तेच. तिघांत थोडंफार कळायचं ते त्यालाच, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

*

चौथ्या वेळी पोपट म्हणाला, “बास. नाही बसत.” आणि केंदूरला निघून गेला. फॉर्मची शेवटची तारीख आली तसा मी फॉर्म घेऊन त्याच्या घरी धडकलो. ओट्यावर त्याचे वडील, आबा, बसले होते. पूर्वी दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता शेती करतात. पोपटची आई तो लहान असतानाच त्या वाटेवर तापानं गेली.

आबांनी मला विचारलं, “एवढं आवघाड काय हाय त्यात?”

मी मिशीवाल्यांचं एक कोडं सांगायला लागलो. “समजा आबा, एखादं भूत आलं आणि म्हणालं, हाच जन्म परत जगायचा. जसाच्या तसा. एक दिवस इकडचा तिकडं नाही. तर तुम्ही काय म्हणाल?”

“तीच वाट? तीच मेंढरं?”

“तीच.”

“लांडग्यानं नेल्याली कोकरं?”

“परत नेणार.”

“आन् ह्यो परत तीनदा नापास?”

“हो.”

“हूं दे,” आबा म्हणाले. “ह्याची आय परत भेटंल की.”

पोपट आतून बाहेर आला. जरा चिडूनच म्हणाला, “आबा, सगळं तसंच म्हंजी आई परत मरणार बी.”

“व्हय. पर त्याच्या आदी बारा वर्सं हायती की!”

पोपट तिथंच खाली बसला. त्यानं माझ्या खिशातलं पेन काढलं आणि फॉर्म मांडीवर घेतला.