चांगदेवच्या चेंडूला सुकटीचा वास

आमच्या दिघा गावच्या चांगदेवने उभ्या आयुष्यात बॅट हातात धरली नाही. तरी पासष्ट साली गावात क्रिकेट टिकलं ते त्याच्यामुळेच, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

खाडीत मासळी मारायची आणि उरलेल्या वेळात दारात बसून जाळी शिवायची, हा त्याचा धंदा. खोड एकच. फेकलेली वस्तू त्याला बघवत नसे. नव्या कारखान्याचे साहेब लोक मैदानात खेळत आणि उसवलेले चेंडू कुंपणाबाहेर भिरकावत. चांगदेव ते जखमी पाखरू उचलावं तसे दोन्ही हातांनी उचलून घरी आणी. "जित्ता हाय अजून," म्हणे.

छत्रीच्या काडीची आरी त्याने स्वतः घासून केली होती. दोरा जाळ्याचाच, मेण लावलेला. चेंडू आतून पोकळ झाला असेल तर जाळं तरंगतं ठेवणाऱ्या बुचांचे तुकडे ठासायचा. शेवटी रंग. जाळं कुजू नये म्हणून आम्ही ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळतो. चांगदेव त्याच हंड्यात चेंडू बुडवायचा. रंग झकास तांबडा यायचा. पण त्या हंड्यात वीस वर्षं मासळीची जाळी उकळली होती, आणि चांगदेवचं नाक जन्मापासून मासळीतच वाढलेलं, त्याला काय कळणार! आम्ही त्याच चेंडूंनी खेळायचो, आणि मी विकेटकीपर. खेळ संपला की गावची मांजरं मला घरापर्यंत पोचवायला यायची.

त्याची बायको धोंडूबाई मात्र पेटली होती. तिचा तांदळाचा रांजण चेंडूंनी भरला होता आणि घरचं मोठं जाळं दोन महिने फाटकं पडलं होतं. अर्धी मासळी भोकांतून निसटायची आणि ती बाजारातून पाऊण रिकामी पाटी घेऊन लवकर परत यायची.

"साहेबाच्या चेंडूला टाके, आन आपल्या जाल्याला भोकं!" ती ओरडायची. शेवटी कारखान्याशी आमचा सामना होता त्या सकाळी तिने गावासमोर सांगून टाकलं, "आज यांचा चेंडू उसवला तर आख्खा रांजण खाडीत ओतनार. मंग बगा."

धोंडूबाई बोलली की करायची. चांगदेव त्या दिवशी जेवला नाही.

सामन्यात साहेबांचा नवाकोरा चेंडू आमच्या धर्मराजने खाडीच्या चिखलात घातला. तो गेला तो गेलाच. दुसरा त्यांनी आणला नव्हता. मग चांगदेव पुढे झाला आणि कमरेचा चेंडू काढून दिला. त्यांच्या कप्तानाने तो नाकाशी नेला.

"ये बॉल है या बोंबील?"

पण खेळायला तर हवं. आमची शेवटची जोडी, धर्मराज आणि मी. चार धावा हव्या होत्या. धर्मराजने असा काही टोला हाणला की चेंडू सरळ आभाळात. खाली कप्तान स्वतः ओंजळ धरून उभा. आता संपलं, असं मी म्हणतोय तोच खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांतून घार आली, तिने चेंडू वरच्या वर उचलला आणि निघाली. कप्तानाची ओंजळ तशीच राहिली.

"पला रं, पला!" चांगदेव ओरडला. क्रिकेटचा तेवढाच नियम त्याला ठाऊक होता. आम्ही सहा धावा काढल्या. कप्तान घारीमागे धावत होता. पंचाने नियमांचं पुस्तक उघडलं, पण त्यात घार नव्हती.

घारीला फसवणूक कळली असावी. तिने वरूनच चेंडू सोडला. धोंडूबाई मैदानाच्या कडेला दगडी ओट्यावर बोंबील वाळवत होती, तिथेच तो धाडकन आपटला. आवाज आम्हांला ऐकू आला. चांगदेव मटकन खाली बसला.

धोंडूबाई चेंडू घेऊन तरातरा आली. सामना कुणाच्याच लक्षात राहिला नाही. जाळ्याची गाठ तपासावी तसा तिने शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"नाय उसवला," ती म्हणाली. चांगदेवने श्वास सोडला. तेवढ्यात ती म्हणाली, "यवरी घट शिवन माज्या जाल्याला कवा घातली का तुमी?"

सगळे हसले. मीही हसलो, मग तिचे डोळे भरलेले दिसले. दोन महिने ती बाई रिकाम्या पाटीने फिरत होती आणि आम्ही तिच्या नवऱ्याची पाठ थोपटत होतो. मला माझीच लाज वाटली. चांगदेव उठला आणि घरी गेला.

सामना कोणी जिंकला यावर अजून वाद आहे. चांगदेव मात्र त्याच दुपारी जाळं घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा शेवटचं भोक बुजत होतं. समोर धोंडूबाईने रांजण उपडा केला होता. आता चेंडू खाडीत जाणार, म्हणून मी घाबरलो. ती एकेक चेंडू दाबून बघत होती. एक तिने कानाशी हलवला, पदराने पुसला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"जालं झालं की ह्यो घ्या," ती म्हणाली. "जित्ता हाय अजून."