बावीस पुऱ्यांचं केळवण

माझ्या घरून आजवर कोणीही उपाशी परत गेलेलं नाही, अशी माझी मागच्या महिन्यापर्यंत समजूत होती.

या समजुतीला आधार होता. मी एकोणपन्नास वर्षांची आहे, मुलुंड पूर्वेला एकटी राहते, एका कंपनीचा खरेदी विभाग सांभाळते आणि प्रत्येक गोष्टीची यादी करते. (याद्यांचीही एक यादी आहे. ती फ्रिजवर लावलेली असते.) घरचे लोक जेवायला आले की भांडी टेबलावर मांडते आणि ज्याचं तो वाढून घेतो. कोणाची तक्रार नाही.

दोन वर्षांपूर्वी मी डॉक्टरांकडे गेले ती डोकेदुखीसाठी. मिक्सर, रिक्षांचे हॉर्न आणि ऑफिसातल्या ट्यूबलाइटचा गुणगुणाट यांनी डोकं उठायचं. चार तपासण्या आणि दोनशे प्रश्नांनंतर कळलं की मला ऑटिझम आहे. मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मी स्वतःत कुठे मग्न असते? मी यादीत मग्न असते!

ताईला रिपोर्ट दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

“मंजे, म्हणजे इतकी वर्षं तू मुद्दाम नव्हतीस करत?”

“काय?”

“सगळंच गं!”

मग ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. (रडणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं, हे माझ्या यादीत आहे.) रिपोर्ट ‘आरोग्य’ फाइलमध्ये गेला, चष्म्याचा नंबर आणि थायरॉइड यांच्या मधोमध. घरच्या तिघांपलीकडे कोणाला सांगायचा विचारही केला नाही.

मग ताईच्या रेवाचं लग्न ठरलं. मुलगा मिहिर, बोरिवलीचा. रेवाने जाहीर केलं, “पहिलं केळवण मावशीकडे. मिहिर आणि त्याचे आईबाबा, सगळे.”

ताईचा चेहरा उतरला. “अगं, मिहिरच्या आईला, नीलाताईंना, पद्धती फार लागतात.”

“मग उत्तम,” मी म्हटलं. “मलाही लागतात.”

रेवा मला बाजूला घेऊन म्हणाली, “मावशी, मिहिरचं काही नाही गं, तो झकास आहे. पण काकूंच्या मनात आपल्या घराबद्दल काय आहे, काही कळत नाही. या रविवारी तेवढं जमायला हवं.”

मी यादीच्या डोक्यावर लिहिलं : नीलाताई खूश व्हायला हव्यात. खाली दोन रेघा मारल्या. आणि अंदाजपंचे काम नको म्हणून त्यांना सरळ फोन लावला.

“नीलाताई, तुमच्याकडे माणशी किती पुऱ्या लागतात?”

“अहो, आम्ही काही फार खाणारी माणसं नाही हो. तीन-चार.”

“तीन की चार?”

“...चार.”

पाच माणसं, वीस पुऱ्या, अचानक लागल्या तर दोन. एकूण बावीस. शिवाय बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मसालेभात, श्रीखंड आणि तीस अळूवड्या. ताई आदल्या दिवसापासून तापाने फणफणली होती आणि तिचे यजमान तिच्या उशाशी होते, म्हणून माणसं पाचच. मी अजिबात घाबरले नाही. यादी होती ना!

पाहुणे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सव्वादोन तासांनी पोचले. मी रेवा-मिहिरचं औक्षण केलं, सगळ्यांना बसवलं आणि त्या दिवसापुरतं स्वतः वाढायला घेतलं.

“नीलाताई, अळूवडी?”

“नको नको, दोन घेतल्यात.”

“बरं,” म्हणून मी पुढे सरकले. मागे वळून पाहिलं तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला होता. (त्या हाताच्या बोटांतून एक अख्खी अळूवडी आरामात आत गेली असती आणि ती फट त्यासाठीच असते, हे मला नंतर रेवाने चित्र काढून समजावलं.)

“भात घ्या ना.”

“अगंबाई, आता पोट फुटेल!”

मी तत्काळ भात आत नेला. फुटलं असतं तर जबाबदारी माझी!

“मावशी,” रेवा दातांवर दात ठेवून म्हणाली, “काकूंना वाढ ना.”

“त्या नको म्हणाल्या.”

“अगं, वाढ तरी!”

“रेवा, त्यांच्या पोटाचं तुला जास्त कळतं का त्यांना?”

मिहिरला ठसका लागला. त्याच्या बाबांना, अरविंदरावांना, मी श्रीखंड विचारलं. ते नको म्हणाले. मी वाटी उचलली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दंड माफ केला आहे. चाळीस मिनिटं धरलेलं जेवण एकोणीस मिनिटांत आटोपलं! मंडळी साडेतीन वाजता निघाली, रेवा त्यांना सोडायला खाली गेली आणि मी यादीवर शेवटची खूण केली. दोन पुऱ्या उरल्यासुद्धा होत्या.

आणि नीलाताईंचा चष्मा. तो सोफ्यावरच राहिला होता.

मी चष्मा घेऊन धावत खाली आले. गाडी गेटबाहेर उभी, पण रिकामी. कोपऱ्यावरच्या डोशाच्या गाडीपाशी मात्र चौघं उभी होती. नीलाताईंच्या हातात मसाला डोसा. मिहिरच्या हातात मसाला डोसा. अरविंदराव इडलीवर. आणि रेवा, माझी सख्खी भाची, सगळ्यांत मोठा घास घेत होती!

“मावशी!” मिहिर दचकला. “ते... आई म्हणाली, मुलुंडचा हा डोसा फेमस आहे ना, तर...”

“नाही रे. ही गाडी मागच्याच महिन्यात लागलीय.”

मला खरंच काळजी वाटली, म्हणून मी विचारलं (रेवाच्या मते, समोरच्या फुटपाथलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने), “पण नीलाताई, तुमचं तर पोट फुटणार होतं!”

डोसेवाल्याचा हात तव्यावरच थांबला. नीलाताईंचे कान लाल झाले. त्यांनी डोसा खाली ठेवला.

“मंजूताई, राहवत नाही म्हणून बोलते. नको म्हटलं की लगेच भांडं उचलून आत? तीन वेळा तरी विचारतात माणसं. फोन करून पुऱ्या मोजून घेतल्यात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आम्ही जड झालो असू तर तसं सांगायचं.” आणि मिहिरकडे वळून म्हणाल्या, “लग्नाआधी ही तऱ्हा, तर पुढे काय रे?”

रेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे प्यायचं पाणी नव्हतं. नुसता चष्मा होता.

अशा वेळी काय करायचं, याची माझी जुनी पद्धत ठरलेली आहे : सॉरी म्हणायचं, घरी जायचं आणि तीन दिवस कोणाचा फोन उचलायचा नाही. पण रेवाने मान खाली घातली होती, आणि ती माझ्यामुळे.

“नीलाताई,” मी म्हटलं, “मला ऑटिझम आहे. दोन वर्षांपूर्वी कळलं. माणसं जे बोलतात, तेच मला ऐकू येतं. जे बोलत नाहीत, ते मला लेखी लागतं.”

“म्हणजे... तुम्हाला खरंच वाटलं, मला नको होतं?”

“तुम्हीच म्हणालात.”

“अहो, चारदा म्हणाले!”

“मी चारही वेळा विश्वास ठेवला.”

आधी अरविंदराव हसले. इतके हसले की त्यांची इडली सांबारात पडली. “नीला, पस्तीस वर्षांत माझ्या ‘नको’वर विश्वास ठेवणारं हे पहिलं माणूस! मला डायबिटीस आहे हो मंजूताई. तरी दर केळवणाला लोक माझ्या गळी श्रीखंड उतरवतात, वर म्हणतात, लाजू नका.”

रेवाने नाक पुसलं. “काकू, मी लहानपणी शाळेतून मावशीकडे यायचे. बाकी सगळीकडे ताटात ओतायचे, मुके घ्यायचे, नाचून दाखव म्हणायचे. हिला एकदा नको सांगितलं की संपलं. परत कधी नाही विचारलं हिने. म्हणून पहिलं केळवण हिच्याकडे.”

हे मला माहीतच नव्हतं. तिने कधी लेखी दिलं नव्हतं.

“मॅडम, आपके लिये सादा या मसाला?” डोसेवाल्याने विचारलं. तो प्रसंग सावरायला बघत होता, असं आता वाटतं. मी तेव्हा प्रश्नाचं उत्तर दिलं : “सादा. चटनी अलग.”

नीलाताईंनी चष्मा घेतला, घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“बरं. मग आता सरळच सांगते. मला भूक आहे. अळूवड्या उरल्यात?”

“चौदा.”

“चला वर.”

त्यांनी आठ खाल्ल्या. मी एकदाही आग्रह केला नाही आणि त्यांनीही माझी वाट पाहिली नाही, डबा स्वतःकडे ओढून घेतला. जाताना मला म्हणाल्या, “पुढच्या रविवारी आमच्याकडे केळवण. तुम्ही यायचंच. आणि हे ‘यायचंच’ खरं आहे हं!”

मी आठवडाभर तयारी केली. त्यांनी माझ्यासाठी इतकं समजून घेतलं, तर मलाही त्यांची पद्धत यायला हवी! रेवाने धडे दिले : पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘अगदी थोडं’, तिसऱ्यांदा ताट पुढे. ताई वाढायची आणि मी सराव करायचे. “जरा हसून म्हण गं, पोलिसात जबाब देतेयस का?” बुधवारपर्यंत मला हसून जमायला लागलं.

बोरिवलीला वीसेक माणसं होती आणि बासुंदी होती. मला बासुंदी जगातल्या इतर कुठल्याही पदार्थापेक्षा जास्त आवडते. नीलाताईंच्या जाऊबाई पातेलं घेऊन माझ्यापाशी आल्या.

“बासुंदी?”

“नको नको,” मी हसून म्हटलं. अगदी सुरेख जमलं!

“बरं,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मी ‘अगदी थोडं’ तयार ठेवून बसले. बटाटेवडे आले. “नको.” बरं. पुऱ्या आल्या. “नको.” बरं. घरातलं प्रत्येक माणूस मला एकदाच विचारत होतं, समंजसपणे मान डोलवत होतं आणि निघून जात होतं. नीलाताई लांबून माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. त्यांनी सगळ्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, असं शेवटी ताईने मला सांगितलं : मंजूताई नको म्हणाल्या की नको, कोणी बळजबरी करायची नाही.

तोवर बासुंदी संपली होती. एकोणपन्नास वर्षांत मी पहिल्यांदाच शिष्टाचार म्हणून खोटं बोलले, आणि नेमका त्याच दिवशी वीसच्या वीस माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला!