तळ्याखालच्या राजाची लेक

त्या मालिकेतली राणी तळ्याखालच्या राज्यातली होती. डोंगरावरच्या राजाला दिलेली. राजानं तिला काचेच्या मनोऱ्यात कोंडलं, तेव्हा ती पाणी होऊन फटीतून वाहत निघाली आणि बापाच्या घरी आली. मालिका परदेशातली, हिंदीत डब केलेली. पण तो भाग आला आणि आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये असा गलका उठला, जणू आमच्या पालम गावातलीच कुणाची तरी लेक माहेरी आली होती.

माझी थोरली लेक तेव्हा खरोखरच माहेरी आलेली होती. नवरा हात उचलतो, एवढंच तिनं आईला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. बापानं काय विचारायचं, असं मी स्वतःला सांगत होतो.

मालिकेच्या ग्रुपात मला तिनंच घातलं होतं. बसस्थानकामागं माझं पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मी ग्रुपवरची भांडणं वाचत बसायचो. गंगाखेडच्या एकानं लिहिलं होतं, ‘राणी लय माजली. नवरा हाय, थोडं सोसावं.’ त्याला पिंगळीच्या एका बाईंनी उत्तर दिलं, ‘मग तुमी जा त्या मनोऱ्यात ऱ्हायला. भाडं बी न्हाई.’

मला राहवलं नाही. घरी आल्यावर ओसरीत बसून मी माझा आवाज भरून पाठवला. “लेक माहेरी आली तर सासरच्यानं न्यायला यावं लागतंय. राजानं सोता तळ्याच्या काठावर यावं, पागोटं काढून उभं ऱ्हावं. न्यायला आल्याबिगर लेक धाडील, तो बाप कसला?”

लेक चुलीपुढं भाकरी थापत होती. ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

“आप्पा, राजाला पागोटं न्हाई, मुकुट हाय.”

“मग मुकुट काढावा.”

ग्रुपमध्ये लोकांनी मला डोक्यावर घेतलं. ‘काका, एक नंबर.’ खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दुकानात कुणी मला असं कधी म्हणत नाही.

पुढं धाकटीला बघायला पाहुणे आले. चहा पिता पिता त्यातल्या एका बाईनं थोरलीकडं पाहून विचारलं, “ह्या सणाला आल्या का?” सण कुठलाच नव्हता. ते गेल्यावर बायको भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “ही घरात हाय तवर धाकटीचं जुळायचं न्हाई.” थोरली आतल्या खोलीत होती. मधे नुसता पडदा.

मी व्याह्यांना फोन लावला. ते म्हणाले, “आमी कशाला येऊ? गेली तशी येऊ द्या की.”

मी हो म्हणालो. दुसरं काहीतरी म्हणता आलं असतं. निदान चार पाहुणे गोळा करून बैठक तरी बसवता आली असती. मी हो म्हणालो आणि फोन ठेवून तिला सांगितलं.

“न्यायला कोण यायलंय?” तिनं विचारलं.

“मीच सोडतो की.”

ती पिशवी भरायला उठली. बायकोनं तिची ओटी भरली. गंगाखेडच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि नारळ मांडीवर घट्ट धरून बाहेरचा ऊस बघत राहिली. मी कंडक्टरशी पावसापाण्याचं बोलत होतो. तिच्या सासरी पोचलो, तर व्याही बाजेवरून उठले नाहीत. “आलाव का? बसा,” म्हणाले. मी बसलो, पाणी प्यालो आणि परतीची गाडी धरली.

त्याच आठवड्यात मालिकेतली राणी मनोऱ्यात परत गेली. कुणी न्यायला आलं नाही. तळ्याखालचा राजा तिच्याबरोबर काठापर्यंत आला आणि त्यानं नुसता हात हलवला.

ग्रुप पेटला. ‘लिहिणाऱ्याला लेक न्हाई वाटतं.’ ‘असला बाप तळ्यात बुडवा.’ ‘अरे, तो तळ्यातच ऱ्हातोय.’ मग पिंगळीच्या बाईंनी लिहिलं, ‘काका गप का? काकांनी तर आधीच सांगितलं होतं.’ आणि माझाच जुना आवाज त्यांनी परत ग्रुपवर टाकला. तो कसला बाप, कसला बाप, म्हणून खाली सगळ्यांनी री ओढली. थोड्या वेळानं त्या सगळ्याखाली एक ओळ आली. माझी लेक ग्रुपमधून बाहेर पडली होती.

ती फोन उचलायची, पण “बरं हाय” याच्या पुढं बोलायची नाही. शेवटी एका सकाळी दुकानाला कुलूप लावून मी गंगाखेडला गेलो. तिला घेऊनच यायचं, धाकटीचं जे व्हायचं ते होवो, असं गाडीत पक्कं ठरवलं होतं.

दार तिनंच उघडलं. वाळली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

“न्यायला आलाव?” ती हळूच म्हणाली. “थांबा, पिशवी घेते.”

ती आत वळली. तेवढ्यात व्याही बाजेवर उठून बसले. “काय पाहुणे? सण न्हाई, वार न्हाई?”

मी तोंड उघडलं. आतून फळीवरची पिशवी ओढल्याचा आवाज आला.

“इकडं एकाची मोटार बघायला आलो होतो,” मी म्हणालो. “म्हणलं, भेटून जावं.”

आतला आवाज थांबला.

चहा विहीणबाईंनी आणला. मी तो संपवला. निघताना दारात उभा राहून “येतो गं” म्हणून दोनदा हाक मारली. मागच्या मोरीत भांडी घासली जात होती, आणि नळाचं पाणी मोठ्यानं सोडलेलं होतं.