सुपेल्यात बोर्ड कोणी जाळला

बस्तरच्या सहलीचे फोटो मी आजवर अनेकांना दाखवले. भिलाईचा फोटो आला की म्हणायचो, "इथे एका बाईने आमची बॅटरी बिघडवली," आणि पुढे सरकायचो. सहा वर्षे खरी हकिकत सांगायचे टाळले. त्या बाईचा ठावठिकाणा आता माझ्याकडे नाही, आणि माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. म्हणून घडले तसे लिहून ठेवतो.

निघालो तेव्हा आमच्याइतके खूश जोडपे नाशकात दुसरे नसेल. तंत्रनिकेतनात पस्तीस वर्षे विजेचा विषय शिकवून निवृत्त झाल्यावर मी जीपमागे ओढायचे चाकांवरचे घर स्वतः बांधले होते. आत दोन बिछाने, ओटा, छोटा फ्रिज. छतावर सौर पट्ट्या आणि बिछान्याखाली माझी लाडकी लिथियम बॅटरी. कुसुमने, माझ्या पत्नीने, खिडक्यांना निळे पडदे शिवले. चित्रकोटचा धबधबा गाठायचा, बाकी रस्ता नेईल तसे, एवढेच ठरले होते. छत्तीसगडची हद्द लागली, दोन्ही बाजूंना भाताची खाचरे पसरली, आणि कधी न गाणारी कुसुम गाऊ लागली.

दुर्गच्या पुढे फ्रिज बंद पडला. मग पंखा, दिवे, सगळेच. तरी भिलाईत शिरताना उत्साह कमी झाला नाही. कारखान्याच्या चिमण्या, सरळसोट रुंद रस्ते, दुतर्फा झाडे. पत्ता विचारला की लोक सेक्टरचा आकडा सांगतात. एका झाडाखाली गाडी लावून टमाट्याच्या चटणीशी गरम चीला (तांदळाच्या पिठाचे धिरडे) खात होतो, तर आमच्या घरामागे पाचसहा माणसे रांगेत उभी. त्यांना तो फिरता दवाखाना वाटला होता. एका आजीबाईंनी तर रक्तदाब तपासल्याशिवाय हलणार नाही असे बजावले. चीलावाला पोट धरून हसला आणि त्यानेच सुपेला या गजबजलेल्या भागातल्या, ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या दुकानाची वाट सांगितली.

सुपेल्याच्या चौकात आम्ही असे काही अडकलो की मागच्या बसच्या ड्रायव्हरने डोके बाहेर काढून विचारले, "चाचा, घर लेके बाजार आए हो?"

दुकानाचा सेठ छत्तीसगडी, मितभाषी. लिथियमचे काम त्याने वनिताकडे सोपवले. पंचेचाळिशीची, केसांना रुमाल बांधलेली. आमचे बोलणे ऐकून तिचा चेहरा उजळला.

"मराठी बोलून राहिले काका तुमी! माह्यी पोरं तं मराठीत विचारलं की हिंदीत जवाब देतेत."

तिचे घराणे भंडाऱ्याकडचे. वडील पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते. सेठने काम सोपवतानाच तिला सांगितले होते, असे ती हळूच म्हणाली: ही बॅटरी नीट झाली तर लिथियमचे टेबल तिचे. नाही तर रायपूरहून माणूस येणार, आणि तिने पूर्वीसारखे ट्रकच्या बॅटऱ्यांत पाणी भरायचे.

मग तिचे काम पाहायला मिळाले. लिथियमच्या बॅटरीत चार सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यांच्यावर एक राखणदार बोर्ड असतो. बारीक तारांतून तो प्रत्येक सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) तपासतो. एक जरी सेल फार उतरला तर सगळा पुरवठा तोडतो. वनिताने आधी मीटर सेलवर लावला. चारही ठीक. मग तोच मीटर तारांच्या टोकांवर. चौथ्या तारेवर काटा खाली.

"सेल चांगला हाय काका. तार खोटं बोलून राहिली."

रस्त्याच्या हादऱ्यांनी तारेचे टोक सैल झाले होते. मी उपड्या खोक्यावर बसून विद्यार्थ्यासारखा वहीत उतरवत होतो. हात लावण्याआधी तिने मुख्य स्विचला आपल्या नावाचा लाल टॅग बांधला होता. ही वडिलांची शिकवण.

"प्लांटमधी ज्यानं टॅग लावला, त्यानंच काढाचा. दुसऱ्यानं काढला तं माणूस मरते."

तारेला नवे टोक दाबून ती जेवायला घरी निघाली. जाताना म्हणाली, "आल्यावर जोडतो. आधी जाडी काळी तार, मंग बारीक तारांचा प्लग. उलटं झालं तं बोर्ड जळन."

कुसुम बाजारात खुरमी (गुळाच्या गोड वड्या) घ्यायला गेली होती. सेठ आत जेवत होता. मी एकटा, आणि अंगात लहान मुलासारखी घाई. परतल्यावर दोघींना गार पाणी द्यावे, असे मनात आले. पस्तीस वर्षे मी मुलांना शिकवले होते: बॅटरी जोडताना काळी तार शेवटी. बाई बोलताना चुकली असेल, असे मी ठरवूनही टाकले. टॅग सोडला, प्लग लावला, स्विच दाबला. फ्रिज घुरघुरला! मी काळी तार हातात घेतली, इतक्यात बोर्डातून धूर निघाला. फ्रिजचा सगळा प्रवाह एका बारीक तारेतून गेला होता.

स्विच बंद केला. टॅग पुन्हा बांधला आणि खोक्यावर येऊन बसलो.

वास आल्याने सेठ बाहेर आला. थोड्या वेळाने वनिता आली. तिने प्लग पाहिला, सुटी काळी तार पाहिली.

"काका, तुमी हात लावला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

ती क्षणभर आठवत राहिली. मग सेठकडे वळून म्हणाली, "प्लग मेरे हाथ से ही लगा रह गया होगा." आपल्या वडिलांच्या वयाचा मास्तर खोटे बोलेल, हे तिला सुचलेसुद्धा नाही. सेठने सरळ रायपूरला फोन केला. दुसऱ्या दिवशी तिथला माणूस नवा बोर्ड घेऊन आला आणि अर्ध्या तासात तो बसवून मोकळा झाला. आधी काळी तार, मग प्लग. वनिताने आम्हाला चहा आणून दिला.

चित्रकोटला आम्ही तीन दिवस राहिलो. इंद्रावती रुंदच्या रुंद कोसळत होती, तुषार खिडकीच्या काचेपर्यंत येत होते, फ्रिज चालत होता. कुसुम इतकी आनंदात होती की तिलाही मी काही सांगितले नाही. दोन घोट चहा घेऊन विषय मिटला असे मी धरले होते, पण तिथे रोज सकाळी जाग येताच मला ते खोके आठवायचे.

परतीला मी मुद्दाम सुपेल्याकडे वळलो. भिलाईच्या अलीकडे कुम्हारी गाव लागते, तिथपासून एकच वाक्य घोकत होतो. दुकानात लिथियमच्या टेबलाशी रायपूरचा माणूस बसला होता. वनिता रस्त्याकडेला ट्रकच्या बॅटऱ्यांत पाणी भरत होती. मला पाहताच साडीला हात पुसत आली.

"पाहिला का धबधबा, काका?"

"वनिता," मी म्हणालो. सेठ दारात उभा होता.

"बोला ना."

मी तिला सांगितले की पाणी भरपूर होते, आणि सकाळच्या उन्हात इंद्रधनुष्यही दिसले.